नाइफमधला के कुठे गेला?

आजचा भाग एकाच अक्षराचा आहे. इंग्रजीतला के. तोही सगळीकडचा नाही. शब्दाच्या सुरुवातीला एनच्या आधी येऊन बसतो आणि तोंडातून काही बाहेर येत नाही, तो. नाइफ, नी, नॉट, नॉक, नो म्हणजे जाणणे, नाइट म्हणजे सरदार. हे सगळे शब्द लिहायला घेतले की पहिलं अक्षर के. बोलायला घेतले की के गायब.

आधी या के ने माझं काय केलं ते सांगतो, मग त्याची गोष्ट.

मी बार्शीजवळच्या एका गावचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. डिप्लोमा झाला आणि पुण्याजवळ एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात सेफ्टीचं ट्रेनिंग होतं. वीस-बावीस पोरं गोलात बसलेली, एकेकाने उभं राहायचं आणि मॅन्युअलमधला एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. माझ्या वाट्याला जो परिच्छेद आला त्यात मशीनची मूठ उजवीकडे फिरवा असं काहीतरी होतं. के-एन-ओ-बी. मी समोर जे दिसलं ते वाचलं. क्नॉब.

आधी सर हसले. मग सगळे हसले. दुपारी कँटीनमध्ये पोचेपर्यंत माझं नावच क्नॉब पडलं होतं, आणि ते वर्षभर टिकलं.

नावाचं मी फार मनाला लावून घेतलं नाही. आपल्याकडे नावं ठेवल्याशिवाय दोस्ती होत नाही. पण त्या दिवसापासून मी चारचौघांत इंग्रजी वाचणं सोडलं, ते मात्र खरं. शिफ्टचा रिपोर्ट वाचायची वेळ आली की माझा घसा बसलेला असायचा. पुढे लाइन लीडरच्या जागेसाठी पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं होतं. मशीन मला इतरांपेक्षा चांगली कळत होती, तरी मी नावच दिलं नाही. एका अक्षरापायी.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. भाचीचा फोन आला. सातवीत आहे, सेमी इंग्रजी. "मामा, माझा डिक्टेशनमध्ये मार्क गेला. बाईंनी नाइफ सांगितलं, मी एन-आय-एफ-ई लिहिलं. के म्हणायचाच नाही तर लिहायचा कशाला?"

मला एकदम हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी के म्हणालो म्हणून चुकलो. तिने के लिहिला नाही म्हणून ती चुकली. म्हणजे हे अक्षर दोन्हीकडून मारतंय! तिला म्हटलं, थांब, शोधून सांगतो. आणि जे सापडलं ते आजच्या भागात.

तर पहिली गोष्ट. हा के कोणी उगाच घातलेला नाही. तो बोलला जायचा. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत चाकूला क्नीफ म्हणत. गुडघ्याला क्नेओव. गाठीला क्नोत्ता. जाणण्याला क्नावान. क आणि न दोन्ही अगदी स्पष्ट. तेव्हा लिहायचे सी ने. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि पुढच्या काळात या सी च्या जागी के लिहायची पद्धत पडली. उच्चार तोच राहिला. चौदाव्या शतकातला कवी चॉसर त्याच्या सरदाराला जे म्हणत असेल ते साधारण क्निख्त असं ऐकू आलं असतं. म्हणजे आज आपण ज्याला नाइट म्हणतो त्यातला के तर बोलला जायचाच, पण मधला जीएचसुद्धा बोलला जायचा, आपल्या ख सारखा घशातून.

मग 1476 साली विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला. छापील पुस्तकं वाढली तसं स्पेलिंग हळूहळू एका साच्यात बसत गेलं. आणि गंमत बघा, साचा घट्ट होत असतानाच माणसांची तोंडं बदलत होती. सतराव्या शतकात हा क झिजत गेला आणि अठराव्या शतकात शिष्ट लोकांच्या बोलण्यातून गेलाच. सॅम्युअल जॉन्सनचा मोठा शब्दकोश 1755 मध्ये आला तेव्हा बोलण्यातला क संपलेला होता, पण कागदावरचा के आपल्या जागेवर ठाम. कोशात गेला तो गेला. पुढे अमेरिकेत नोहा वेबस्टरने कलरमधला यू वगैरे काढून टाकला, पण या के ला तिथेही कोणी हलवलं नाही.

म्हणजे मी त्या ट्रेनिंगमध्ये जे वाचलं ते काय होतं? नियमाने गेलं तर साडेतीनशे-चारशे वर्षं उशिरा आलेलं बरोबर उत्तर. (हे सरांना सांगायला आता नंबर नाही माझ्याकडे.)

बरं, झिजला का? इथे थोडं तोंडात बघावं लागतं. आत्ता बोलून बघा माझ्याबरोबर, बसमध्ये असाल तर हळू. क म्हणताना जिभेची मागची बाजू वर जाते. न म्हणताना जिभेचं टोक दातांमागे जातं. दोन्ही एका दमात, मध्ये स्वर न घेता, आणि तेही शब्दाच्या अगदी सुरुवातीला. क नीट फुटायच्या आत जीभ न कडे धावते आणि क ऐकूच येत नाही. पण हेच दोन आवाज शब्दाच्या मध्ये आले तर काही त्रास नाही, कारण क आधीच्या स्वराला टेकतो. आपण रोज म्हणतो की. एकनाथ. लिहिताना ए-क-ना-थ, बोलताना एक्-नाथ. इंग्रजीतही अगदी तसंच. पोहोच देणे, कबूल करणे यासाठी त्यांचा शब्द आहे अॅक्नॉलेज. त्याच्या पोटात नॉलेज आहे बघा, पण तिथे आधी ए येतो, त्यामुळे क ठणठणीत ऐकू येतो. ईमेलच्या खाली अॅक्नॉलेज्ड लिहिताना आपण तो क रोज बोलतो.

आणि सगळ्यांनीच हा क टाकला असं नाही. जर्मन माणूस गुडघ्याला आजही क्नी म्हणतो. डच माणूसही क्नी म्हणतो. नॉर्वेत चाकू क्नीव्हच आहे. त्यांच्या जिभा आपल्यासारख्याच, त्यांना जमतं. इंग्रजांनी सवय सोडली, इतकंच. अकराव्या शतकात इंग्लंडवर राज्य केलेला डॅनिश राजा क्नूत, त्याला आजचे इंग्रज कन्यूट म्हणतात. मध्ये अ घातला आणि सुटले. आपल्या आज्या स्कूलला इस्कूल म्हणायच्या, त्यात आणि यात फरक काय? तुमच्यात कोडिंगवाले असतील त्यांना डोनाल्ड क्नूथ माहीत असतील, द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगवाले. त्यांचं आडनाव के-एन नेच सुरू होतं आणि त्यांनी स्वतः सांगितलंय की के बोलायचा. कनूथ. तिथे जर कोणी हुशारीने नूथ म्हणालं तर तो चुकला.

आता शब्दांकडे येऊ. मला वाटलं होतं या शब्दांची यादी रटाळ निघेल, पण अर्थ बघायला लागल्यावर मी रात्री दीडपर्यंत जागा होतो.

नॉब म्हणजे मूठ, गोल बोंडासारखं काहीतरी. नॉट म्हणजे गाठ. नकल म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारे बोटांचे सांधे. नोल म्हणजे छोटंसं टेकाड. नी म्हणजे गुडघा. काही लक्षात आलं? सगळं उंचवट्याचं, गाठाळ. हे सगळे एकाच मुळातून आलेत असं मात्र नाही, गुडघ्याचा शब्द तर वेगळ्याच घरातला आहे, त्याच्याकडे नंतर येतो. पण त्या भाषांच्या कानाला क्न हा आवाज गाठीसारखा वाटत असावा असं दिसतं. आपल्याकडे बघा ना. गाठ, गोटा, गड्डा, गोळा, गुडघा. ग आणि पुढे ट-ठ-ड-ळ आलं की आपल्यालाही काहीतरी गोल आणि टणक दिसतं. हा माझा कान बोलतोय, शास्त्र म्हणून सांगत नाही.

आणि याच गाठाळ घरातला एक पाहुणा आपल्या भाजी मंडईत आहे. नवलकोल! बियांच्या पाकिटावर इंग्रजीत त्याला नोल-खोल लिहितात, के-एन-ओ-एल ने सुरुवात. हा मूळ डच शब्द, क्नोलकोल. क्नोल म्हणजे कंद, कोल म्हणजे कोबी. कंदवाला कोबी. भारतात तो इंग्रजीत नोल-खोल झाला, आणि आपलं नवलकोल त्याच्याच रांगेतलं दिसतं. म्हणजे आपणही तो क गिळला, आणि वर नवल जोडून मोकळे झालो.

निट म्हणजे विणणे. हा नॉटचा सख्खा नातेवाईक, मूळ अर्थ गाठी मारणे. नॉट मात्र समुद्रावरही गेला. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारत, दोरीच्या टोकाला लाकडी फळी बांधून ती पाण्यात टाकत, आणि वाळूचं घड्याळ उलटं करत. घड्याळ 28 सेकंदांचं, दोन गाठींमधलं अंतर 47 फूट 3 इंच. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकल्या तितके नॉट वेग. म्हणून आजही 1 नॉट म्हणजे ताशी 1 सागरी मैल, 1.852 किलोमीटर. कोकणात वादळ यायचं असलं की हवामान खात्याच्या पत्रकात वाऱ्याचा वेग नॉटमध्ये दिसतो ना, ती ही गाठ.

नीड, के-एन-ई-ए-डी, म्हणजे कणीक मळणे. नेल म्हणजे माणूस गेल्यावर वाजवायची घंटा. नॅक म्हणजे हातोटी. हे तीन पटकन सांगून टाकतो कारण मला पुढच्या दोघांबद्दल बोलायचंय. ती दोन पोरं आहेत.

होय, पोरंच. जुन्या इंग्रजीत क्निख्त म्हणजे मुलगा, आणि क्नाफा म्हणजेही मुलगा. दोघं एकाच वयाची, एकाच गल्लीतली म्हणा. दोघंही पुढे कामाला लागली, कारण मुलगा या शब्दाचा अर्थ सरकत सरकत नोकर होतो. आपल्याकडे नाही का, हॉटेलातला पोऱ्या? तसंच. मग क्निख्तला नशिबाने राजाकडे नोकरी मिळाली. घोड्यावर बसला, तलवार आली, सरदार झाला, नावापुढे सर लागलं. तो नाइट. क्नाफा बिचारा चाकरच राहिला, आणि चाकर म्हणजे लबाड असं मालक लोक म्हणायला लागले. तो नेव्ह, म्हणजे लुच्चा. शेजारच्या जर्मन भाषेत मात्र नशीब उलटं. तिथे क्नाबं म्हणजे आजही साधा मुलगा, आणि क्नेख्त म्हणजे गडी, शेतावरचा चाकर. शब्द तेच, पण इंग्लंडात एक चढला आणि जर्मनीत तोच खाली राहिला.

या दोघांना तुम्ही ओळखता. नेव्ह तुमच्या पत्त्यांच्या कॅटमध्ये आहे. आपण ज्याला गुलाम म्हणतो त्याचं जुनं इंग्रजी नाव नेव्हच. पत्त्याच्या कोपऱ्यात केएन छापायचे आणि राजाचा के. हातातले पत्ते पंख्यासारखे धरले की दोन्ही सारखेच दिसायचे, डाव फसायचा. म्हणून एकोणिसाव्या शतकात जॅक हे नाव पुढे आलं आणि कोपऱ्यात जे आला. आपल्या गुलाम या शब्दात चाकर अजून शाबूत आहे, इंग्रजीतून तो गेला.

आणि नाइट तुमच्या मोबाइलवरच्या बुद्धिबळात आहे. घोडा. अॅपमध्ये चाली लिहिलेल्या दिसतात त्या नीट बघा. राजा के, वजीर क्यू, हत्ती आर, उंट बी. आणि घोडा? एन. के राजाने घेतलेला, म्हणून घोड्याला बोलताना जो आवाज पहिला येतो ते अक्षर दिलं. म्हणजे जे माझ्या भाचीने डिक्टेशनमध्ये केलं तेच बुद्धिबळवाल्यांनी केलं. तिचा मार्क गेला, त्यांचं जगभर चालतं.

आता तो गुडघा, आणि त्याच्याबरोबर जाणणं. इथे मी खुर्चीत सरळ बसलो.

ग्रिम बंधू माहीत असतील, परीकथांवाले. त्यांतला थोरला जेकब ग्रिम भाषांचा अभ्यासक होता. 1822 मध्ये त्याने एक नियम नीट मांडला. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी-जर्मन ही सगळी एकाच दूरच्या पूर्वजाची लेकरं आहेत, आणि त्यांच्यात आवाज ठरलेल्या पद्धतीने बदललेत. त्यातली एक रांग अशी: ग्रीक-लॅटिनमध्ये जिथे ग, तिथे इंग्रजी-जर्मनकडे क, आणि संस्कृतात बऱ्याच ठिकाणी ज. लॅटिनमध्ये गुडघा गेनु. इंग्रजीत क्नेओव, आता नी. संस्कृतात जानु. आजानुबाहू म्हणतो ना आपण, गुडघ्यापर्यंत हात पोचणारा? तो जानु आणि हा नी, एकच शब्द.

आणि जाणणं? ग्रीकमध्ये ग्नो, ज्याच्यापासून डॉक्टरांचं डायग्नोसिस आलं. इंग्रजीत क्नो, आता नो. आणि संस्कृतात ज्ञा.

ज्ञा! ज्ञान, विज्ञान, आज्ञा, रोज शाळेत म्हणायची प्रतिज्ञा. जाणणं, जाणता, अजाण हेही त्याच घरातले. म्हणजे के-एन-ओ-डब्ल्यू मधला तो मुका के आणि आपल्या ज्ञ मधला ज हे भाऊ आहेत.

आता जरा ज्ञ मोठ्याने म्हणा. काय म्हणालात? द्न्य. मग मला सांगा, त्यात द कुठे आहे? अक्षर ज् आणि ञ चं आहे. लिहितो ज, म्हणतो द. हिंदीवाला तेच अक्षर ग्य म्हणतो. गुजराती ग्न म्हणतो. सगळ्यांनी अक्षर जसंच्या तसं ठेवलं आणि जिभेला सोपं पडलं ते बोलत राहिले. तसंच इंग्रजांनी के चं केलं. त्यांनी पार सोडून दिला, आपण बदलून घेतला. रोमन लिपीत लिहायची वेळ आली की आपली फजिती दिसते: आपला ज्ञानेश्वर डी-एन-वाय ने सुरू होतो, उत्तरेतलं ज्ञान जी-वाय ने, आणि ज्ञानपीठ पुरस्कार जे-एन ने. एकच अक्षर, तीन स्पेलिंगं. लखनौहून आलेला कोणी डी-एन-वाय बघून अडखळला तर आपण त्याला हसतोच ना? मी हसलोय. कारखान्यातच. आमच्यात एक ज्ञानदेव होता आणि उत्तरेकडचा एक पोरगा हजेरीपट बघून त्याला दनियादेव म्हणाला होता. ज्या आठवड्यात मला क्नॉब म्हणत होते, त्याच्या पुढच्याच आठवड्यात.

आता भाचीचा प्रश्न शिल्लक आहे. बोलायचा नाही तर लिहायचा कशाला? इतिहास सांगून सातवीतल्या मुलीचा मार्क परत येत नाही. म्हणून तिला एक कामाची गोष्ट सांगितली. हा के कानाला मुका आहे, डोळ्याला नाही. एन-ओ-टी म्हणजे नाही, पुढे के लावला की गाठ. एन-आय-जी-एच-टी रात्र, के लावला की सरदार. एन-ई-डब्ल्यू नवं, के लावला की जाणलं. निट नुसती असेल तर लीख, उवांचं अंडं, के लावला की विणकाम. मेसेज टाइप करताना के राहिला तर मोबाइल चूक दाखवणार नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. आपणच बघायचं.

आणि पाठ करायची एक युक्ती, जी मला कोणी सांगितली नव्हती. लिहिताना मनातल्या मनात जुन्या पद्धतीने म्हणायचं. क्नाइफ, क्नी, क्नॉट. हात आपोआप के लिहितो. बोलताना क सोडून द्यायचा. म्हणजे जे मी कारखान्यात मोठ्याने म्हणालो तेच, फक्त तोंड मिटून.

भाचीने हे ऐकून घेतलं. तिला ज्ञ वगैरेमध्ये फार रस वाटला नाही, गुडघ्यावर तर ती जांभई देत होती. पण दोन पोरांची गोष्ट तिने पुन्हा सांगायला लावली. आम्ही दोघं मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो, ती घरी आणि मी शिफ्ट संपली की बसमध्ये. काल रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला, चार सेकंदांचा.

"मामा, तुझा वजीर गेला. माझ्या क्निख्तने खाल्ला."